रोझेर बटाट्याला आला

त्या साली ऑक्टोबर लागला तरी आमचे निम्मे बटाटे मातीतच होते. सप्टेंबरभर पाऊस रेंगाळला. धो धो असा नव्हेच, नुसती भुरभुर. सकाळी नदीवरून धुकं उठायचं, वावरावर येऊन बसायचं, आणि दुपारी त्याचंच पाणी होऊन खाली यायचं. माती अशी चिकट, की बूट पायातून निघेल पण माती बुटावरून निघणार नाही.

लिओनेल, माझा नवरा, रोज उजाडताना वावरात जायचा. एक ढेकूळ उचलून मुठीत दाबायचा. कणकेसारखं बोटांमधून बाहेर आलं की मुकाट्यानं परत. मी काही विचारायची नाही. त्यानं दारात बूट काढले की समजायचं, आज नाही. बुटासकट उंबऱ्यात उभं राहून कॉफी मागितली की यंत्र काढायचं.

पण यंत्र काढून तरी काय! त्याच्या पट्ट्यावर सहा जणी लागतात. यंत्र सरी उकरतं, माती झाडतं, आणि बटाटे पट्ट्यावरून वाहत येतात. त्यातले दगड, ढेकळं, सडके नग हातानं उचलून बाहेर फेकायचे. सडका एक जरी कोठीत गेला तरी भोवतालचे घेऊन बसतो. त्या साली पट्ट्यावर दोघीच होतो, मी आणि शेजारची क्लोदेत. आम्ही नदीच्या अमेरिकेकडच्या काठावर; बाकीच्या चौघी दरवर्षी नदीपलीकडून, कॅनडातून यायच्या. लिओनेलची मावसबहीण एड्मे आणि तिच्या जावा. गावातला पूल ओलांडला की आल्याच. पण वसंतात नदीवरचा बर्फ फुटला तेव्हा मोठाल्या लाद्यांनी पुलाचा मधला खांब हलवला आणि पूल बंद झाला. दुसरा पूल लांब. जाण्यायेण्यातच दिवस मोडायचा, आणि एड्मेच्या घरी दुभती गुरं. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातला दिवा आम्हाला दिसायचा. वारा इकडचा असला तर बादल्या वाजलेल्याही ऐकू यायच्या. हाक पोचेल पण बाई पोचणार नाही, अशी गत.

पुलाची दुरुस्ती वॉशिंग्टनात अडकली होती. आणि वॉशिंग्टनात आमचा रोझेर होता.

रोझेर लाझ्वा शेजारच्याच वावरातला. त्याची आई सदा आजारी, म्हणून तो वाढला आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात. सासूबाई, ओझीत, त्याची धर्ममाता. धर्ममातेला आमच्याकडे मारेन म्हणतात. बाप्तिस्म्याला तिनंच त्याला हातावर धरलेला. पुढं तो वकील झाला, मग खासदार. पहिल्या निवडणुकीत घरोघर फिरला, जाईल तिथं प्लॉय खाल्ले. कुट्टूच्या पिठाची पिवळी, जाळीदार घावनं ती, लोणी लावून गुंडाळी केलेली. नंतरच्या निवडणुकीला गावच्या हॉलमध्ये भाषण करून गेला. त्यानंतर आला नाही. पण दिसायचा रोज. दिवेलागणीला बातम्यांच्या चॅनलवर.

टीव्हीवाले त्याला रॉस म्हणायचे. पडद्याचे चार तुकडे, प्रत्येकात एक डोकं, आणि चारही डोकी एकदमच बोलायची. रोझेरच्या मागं पांढरा घुमट, आणि त्या घुमटावर ऊन. बाहेर काळोख असो, पाऊस असो, त्याच्यामागं ऊनच. सासूबाई मांडीत परात घेऊन बटाटे सोलायच्या आणि बघायच्या.

"हा जेवत नाही," त्या म्हणायच्या.

"टीव्हीत सगळे तसेच दिसतात, आई," लिओनेल म्हणायचा.

"कॉलर बघ त्याची. दोन बोटं जातील मधे."

"पुलाचं काही बोलला का?"

"चीनचं बोलतोय."

लिओनेल पायमोजे शेगडीवर वाळत घालायचा आणि निजायला जायचा. सासूबाई मात्र रोझेरचा तुकडा पडद्यावरून नाहीसा होईपर्यंत उठायच्या नाहीत.

एका बुधवारी जेवताना फोन वाजला. सासूबाईंनीच उचलला. आमच्या फोनचा आवाज मोठा, खोलीभर ऐकू यायचा.

"नमस्कार! मी तुमचा खासदार, रॉस लाझ्वा. आज मी तुम्हा सर्वांशी थेट बोलणार आहे. फोन ठेवू नका."

"बोल की बाबा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ते यंत्र आहे," लिओनेल म्हणाला. "आवाज भरून ठेवलेला असतो."

"कळतं मला. पण आवाज त्याचाच आहे ना?"

प्रश्न विचारायचा असेल तर अमुक कळ दाबा, असं तो आवाज म्हणाला. मी दाबून दिली. मग सासूबाई मान तिरकी करून, फोन कानाखांद्यात धरून, वाट बघत बसल्या. आमची जेवणं झाली. भांडी झाली. त्याच फोनवर मतदारसंघातलं कुणीतरी रोझेरला औषधांच्या किमतीचं विचारत होतं, कुणीतरी नुसतंच ओरडत होतं. लिओनेल येरझाऱ्या घालत होता.

"आई, पुलाचं विचार. दुसरं काही बोलायचं नाही. पूल कधी होणार, एवढंच."

"हो रे, कितीदा सांगशील!"

आणि एकाएकी त्यांचा नंबर लागला. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"रोझेर, मी बोलतेय."

पलीकडून मग आवाज आला, पण टीव्हीतला नव्हे. जुना, आमच्या ओट्यावरचा. "मारेन?"

"हो रे. बटाटे मातीतच आहेत. पट्ट्यावर दोघीच. येतोस का?"

"मारेन… शेतकऱ्यांचे जे प्रश्न आहेत, त्यांच्याबद्दल मी…"

"प्रश्न नाहीये, बाळा. हात कमी आहेत."

कुठंतरी कुणीतरी हसलं. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. लिओनेलनं कपाळाला हात लावला.

"पूल, आई! पूल!"

"विसरले," सासूबाई म्हणाल्या. "त्याचा आवाज ऐकला आणि विसरलेच बघ."

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तेच. निवेदिका हसून हसून बेजार. सासूबाईंचा आवाज खरखरीत, आमची बोली जिभेवर, आणि खाली पडद्यावर अक्षरं: 'येतोस का?' निवेदिका म्हणाली, "खासदारसाहेब, बटाटे वाट बघताहेत तुमची!" बाकीची दोन डोकीही हसली. रोझेर हसला, पण कान लाल झालेले दिसले. लहानपणी शिव्या खाल्ल्या की व्हायचे तसे. गावातल्या दुकानात लिओनेल खिळे आणायला गेला तर काउंटरवरचा म्हणाला, "लिओनेल, येतोस का?" तो खिळे न घेताच परत आला.

मग रोझेरच्या कार्यालयातून ब्रिन नावाच्या बाईचा फोन आला. साहेब शुक्रवारी येताहेत. सोबत कॅमेरे असतील.

शुक्रवार! हवामानवाल्यांनी तो एकच दिवस कोरडा सांगितला होता. शनिवारी रात्रीपासून कडक थंडी. माती गोठली की आतला बटाटा संपलाच.

"नाही म्हणून सांग," लिओनेल मला म्हणाला.

"आईंना विचार."

सासूबाई उठल्या आणि कुट्टूचं पीठ किती शिल्लक आहे ते डबा उघडून बघू लागल्या.

शुक्रवारी लिओनेलनं बुटासकट कॉफी मागितली. धुकं विरळत होतं. म्हातारा गिल्बेर ट्रक घेऊन यंत्राच्या बाजूनं चालू लागला, आणि आम्ही दोघी पट्ट्यावर. दोघीच, म्हणून यंत्र गोगलगायीसारखं. दोन सऱ्या झाल्या असतील, तोच रस्त्यावरून गाड्या उतरल्या. टीव्हीवाल्यांची मोठी व्हॅन, आणि मागं रोझेरची काळी, बुटकी गाडी. ती सरळ वावरातच आली.

रोझेर उतरला. नवीन बूट, दुमड मोडलेली नाही असा नवा चौकड्यांचा शर्ट. टीव्हीत दिसायचा त्यापेक्षा लहान वाटला. लिओनेलनं ट्रॅक्टरवरूनच मान हलवली.

ब्रिन चिखलातून उड्या मारत आली. "जरा यंत्र बंद कराल? आवाज येतोय."

"यंत्र आहे बाई. आवाज येणारच," लिओनेल म्हणाला.

"पाचच मिनिटं."

यंत्र बंद झालं. तिनं माझ्याकडं बघून म्हटलं, की अंगावरचं रबरी जाकीट काढता येईल का, चकाकतं. मी काढलं आणि कुडकुडत उभी राहिले. क्लोदेतला जरा बाजूला सरकायला सांगितलं, तर ती सरकत सरकत पार ट्रकपलीकडं जाऊन सिगारेट ओढत बसली. मग कुणालातरी गोठ्याच्या भिंतीवरची जुनी टोपली दिसली.

"आजी टोपलीनं बटाटे वेचताहेत असं घेऊ या."

"टोपलीनं आता कोणी वेचत नाही," मी म्हणाले.

"पण बघायला किती छान!"

सासूबाईंना घरातून आणलं. त्यांचे खुबे गेलेले, म्हणून स्वयंपाकघरातली खुर्ची आणून वावरात मांडली. मांडीत टोपली, टोपलीत धुतलेले चार बटाटे. रोझेर त्यांच्याजवळ उभा. त्यानं वाकून गालाला गाल लावला. "कशी आहेस, मारेन?" त्या काही बोलणार, तर ब्रिननं हात केला. आता नको, थेट प्रक्षेपणात बोला. रोझेरच्या कानात स्टुडिओतलं ऐकायचं बटण घातलं.

आणि मग आम्ही थांबलो. स्टुडिओत दुसरी बातमी लांबली होती. "दोनच मिनिटं," कॅमेरावाला म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा. दुपार कलली. वारा पडलेला. नदीवरून पांढरा एकच धागा वर चढत होता. आभाळातून बदकांची रांग गेली, तिचा आवाज आधी आला, रांग मागून. इतकं ऊन महिन्यात पडलं नव्हतं, आणि त्या उन्हात आम्ही सगळे चित्रातल्यासारखे उभे. लिओनेल ट्रॅक्टरवर बसून नदीपलीकडं बघत होता. पलीकडं एड्मे दोरीवर चादरी वाळत घालत होती. तिनं हात केला. कुणी उलट हात केला नाही. हलायचं नाही, असं सांगितलेलं.

सासूबाईंची खुर्ची हळूहळू खचत होती. आधी मागचा एक पाय, मग दुसरा. त्या एका बाजूला कलल्या, पण टोपली सोडली नाही.

सूर्य सुरूच्या रांगेला टेकायला आला तेव्हा कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. रोझेरनं छाती भरून घेतली. त्याचा चेहरा एकदम टीव्हीतला झाला.

"मी आज माझ्या माणसांत उभा आहे," तो म्हणाला, "कारण त्यांचं म्हणणं ऐकायचं तर…"

लिओनेलनं किल्ली फिरवली.

ट्रॅक्टर खोकला, यंत्र थरथरलं आणि सगळं वावर गरजलं. रोझेरचे ओठ हलतच राहिले. त्यानं आवाज चढवला, मानेच्या शिरा दिसल्या, पण शब्द एकही नाही. क्लोदेत सिगारेट विझवून पट्ट्यावर चढली. मीही जाकीट घालून चढले. लिओनेल मला पुढं म्हणाला, की रागानं केलं नाही. सूर्य झाडाला टेकलेला दिसला आणि हात आपोआप गेला.

लाल दिवा विझला. ब्रिन काहीतरी ओरडत होती. व्हॅनवाल्यांना पुढं दुसऱ्या गावी पोचायचं होतं. त्यांनी तारा गुंडाळल्या आणि गेले. ब्रिनही फोनला रेंज शोधायला त्यांच्याबरोबर गेली. राहिला रोझेर, आणि त्याची गाडी. गाडी चाकांच्या मध्यापर्यंत चिखलात.

आम्ही सरीच्या टोकाला वळलो तेव्हा तो यंत्राबरोबर धावत ओरडला, "लिओनेल! गाडी ओढून दे!"

"संपल्यावर!" लिओनेल ओरडला. आणि वळलाच.

पट्ट्यावरून मला सगळं दिसत होतं. रोझेर कमरेवर हात ठेवून उभा. मग त्यानं कुणाची तरी हाक ऐकल्यासारखं वळून बघितलं. सासूबाई अजून खुर्चीतच होत्या, पार तिरक्या झालेल्या. तो त्यांच्याकडं गेला. काय बोलणं झालं ऐकू आलं नाही. पण त्यानं टोपली खाली ठेवली, एक हात त्यांच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि त्यांना उचललं. त्या काही हलक्या नव्हेत. दर पावलाला त्याचा बूट रुतायचा, तो उपटायचा, थांबायचा, पुढचं पाऊल टाकायचा. अर्ध्या वाटेत एक बूट मातीतच राहिला. तो तसाच एका पायमोज्यावर घरापर्यंत गेला.

बऱ्याच वेळानं तो परत आला. पायात लिओनेलच्या बापाचे जुने बूट, अंगात त्यांचंच बोचरं लोकरी जाकीट. यंत्र वळणावर हळू झालं तेव्हा शिडी धरून वर चढला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी हातमोज्यांची जोडी तेवढी पुढं केली.

पहिल्यांदा त्याला जमेना. हात बटाट्यामागं जायचा तोवर बटाटा पुढं. क्लोदेत खदाखदा हसली.

"काय रे, टीव्हीत तर हात किती हलवतोस! इथं का आखडले?"

"तिथं काही उचलायचं नसतं," तो म्हणाला.

मग हळूहळू त्याचा हात लागला. लहानपणीचं अंगात कुठंतरी असतं. तीन जण झालो तसा लिओनेलनं वेग वाढवला. ऊन गेलं, यंत्राचे दिवे लागले, आणि दिव्यांच्या उजेडात धुकं पुन्हा येऊ लागलं. त्या पट्ट्यावर एक वेळ अशी येते की हात आपले राहत नाहीत. बटाटे वाहत येतात, येतच राहतात, आणि वाटतं पट्टा थांबलाय, आपणच मागं मागं तरंगत चाललोय, वावर, ट्रक, नदी, सगळं घेऊन. पाय थंडीनं नसल्यासारखे झालेले. रोझेरच्या तोंडावर मातीचा थर, त्यात डोळे तेवढे पांढरे.

"एक सांगू का, नोएला?" मधेच तो म्हणाला. यंत्राच्या आवाजात मला अर्धं ओठांवरूनच कळलं. "टीव्हीत मला समोर कोणी दिसत नाही. काळं भिंग असतं. बाकीच्यांचे आवाज नुसते कानात."

"मग बोलतोस कुणाशी?"

त्यानं एक सडका बटाटा उचलला, हातात फुटला, तो त्यानं अंधारात फेकला. "काय माहीत," म्हणाला.

नदीकाठची खोलगट पट्टी सोडून बाकी सगळं निघालं. पट्टीत यंत्र गेलं असतं तर परत आलं नसतं. लिओनेलनं यंत्र बंद केलं. इतका वेळ गरजल्यावर जी शांतता पडली, तिच्यात कान वाजत राहिले, आणि खाली उतरल्यावर जमीन पट्ट्यासारखी पुढं वाहताना दिसली. रोझेर दोन पावलं चालला आणि ट्रकला धरून उभा राहिला.

"डोळे मीट," क्लोदेत म्हणाली. "थांबेल."

घरात सासूबाईंनी प्लॉयची चळत रचली होती. रोझेर जेवला. बोलला नाही, नुसता जेवला. लोणी कोपरापर्यंत ओघळलं. सासूबाई त्याच्या कॉलरकडं बघत होत्या. मधेच त्यानं विचारलं, "मारेन, गावात माझ्याबद्दल काय म्हणतात?"

"म्हणतात, फार भरभर बोलतो."

त्याला हसू आलं. ते हसू पुरतं संपायच्या आत त्याची मान पुढं झुकली. घास हातातच. सासूबाईंनी तो हळूच काढून घेतला. लिओनेल बाहेर गेला, ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली, आणि काचेवरचा चिखलही पुसला. मग आत येऊन त्याला खांद्याला धरून उठवलं.

"रोझेर, पूल."

"बघतो मी."

"टीव्हीत म्हणतोस तसं, का खरंच?"

रोझेरनं डोळे चोळले. "खरं सांगू? मलाच आता फरक कळत नाही, लिओनेल."

लिओनेलला राग यायला हवा होता. पण तो दारापर्यंत त्याच्याबरोबर गेला आणि पायऱ्या निसरड्या आहेत म्हणून त्याचं कोपर धरलं.

शनिवारी रात्री थंडी पडलीच. रविवारी वावर वाजत होतं, बुटाखाली काच फुटावी तसं. खोलगट पट्टीतले बटाटे गेले. दोन दिवसांनी माती सुटली तेव्हा करडे पडून पाझरत होते, आणि सबंध आठवडा अंगणात तो आंबूस वास राहिला. लिओनेल त्या बाजूला बघायचाच नाही. कोठीतले मात्र टिकले. हिवाळ्यात मी कोठीत उतरायची, हात लावून बघायची. कोरडे, थंड.

रोझेर पुन्हा टीव्हीवर दिसू लागला. तेच चार तुकडे, तोच घुमट, तेच ऊन. पण बर्फ पडायला लागला त्या सुमारास एका रविवारी दुपारी फोन वाजला, आणि आत भरून ठेवलेला आवाज नव्हता.

"मारेन, काय चाललंय?"

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. गिल्बेरचा दात काढला. क्लोदेतच्या छपरावरून बर्फ घसरून तिचं धुराडं मोडलं. पाद्रीबाबांना खोकला झालाय, प्रार्थना अर्ध्यावर सोडतात. तेव्हापासून दर रविवारी, जेवणं झाली की फोन. तो दोन शब्द बोलायचा, मग याच बोलायच्या. मधे मधे थांबायच्या, ऐकायच्या, पुन्हा सुरू.

एका रविवारी मला राहवलं नाही. मी खूण करून फोन मागितला आणि कानाला लावला. पलीकडून नुसता श्वास येत होता. लांब, संथ. माणूस गाढ झोपला होता.

मी फोन परत दिला. लिओनेल शेगडीपाशी फाटका हातमोजा शिवत होता. मी त्याला सांगितलं तसा तो उसळला.

"झोपतो? आई, तो झोपतो आणि तू बोलत बसतेस? इतक्या रविवारांत पुलाचं एकदा तरी काढलंस का?"

सासूबाईंनी फोनच्या तोंडावर तळवा ठेवला.

"हळू बोल की," त्या म्हणाल्या. "जागा असला की तो बोलतो. आता ऐकतोय."

मग तळवा काढला, फोन तोंडाजवळ नेला आणि पाळण्यातल्या पोराला सांगावं तशा आवाजात सांगू लागल्या, "हं, तर रोझेर, आपला तो पूल. मधला खांब हलला ना, त्यावर आता बर्फ साचलाय. एड्मे काल पलीकडच्या टोकाला येऊन उभी होती. तिच्या हातात भांडं होतं, माझ्यासाठी काहीतरी केलेलं. अलीकडच्या टोकाला मी होते, गिल्बेरच्या ट्रकात बसलेली…"

लिओनेलनं सुई थांबवली. बाहेर बर्फ पडत होता, आणि पलीकडचा दिवा त्यात कधी दिसत होता, कधी नाही.